आठशे वॅट आणि चार बोटं खिडकी

पारा पाचवर उतरलाय
हे मला विद्यापीठाच्या वेधशाळेनं नाही सांगितलं,
नळाखालच्या बादलीनं सांगितलं.
परभणी उन्हाळ्यात भाजते हे जगाला ठाऊक.
डिसेंबरात ती चावते,
हे फक्त पहाटे भांडी घासणाऱ्यांना.

प्रणिता बाळंत होऊन अकरा दिवस झालेले.
पोरगी दोन किलो तीनशे,
श्वास असा की कान लावून ऐकावा लागायचा.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खोली उबदार ठेवा,
आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरात दोन पक्ष पडले.
हे विजेचे. एकतीस वर्षं खांबावर काढली,
अजूनही रात्री कुणीतरी दार वाजवतं,
"कच्छवे वायरमन हायेत का?"
"तार कुठं तुटली ते दिसतं," हे म्हणायचे,
"वासाला कुठं पकडावं माणसानं?"
मी शेगडीची.
ज्योत डोळ्यासमोर, निळी,
कान पिळला की गप्प बसणारी.
तुमची ती कांडी बादलीत सोडली
की पाणी तापलंय का दबा धरून बसलंय, कळत नाही.

माळ्यावरचा हीटर खाली आला.
दोन कांड्यांतली एक मेलेली, उरली आठशे वॅटची.
लाल उजेडात पोरीचं कपाळ
डाळिंबाच्या दाण्यासारखं.
बाहेर मीटरचा दिवा घाईघाईनं मिचकत होता,
आणि हे दर तासाला टॉर्च घेऊन आकडा बघायचे,
आजाऱ्याची नाडी बघावी तसे.

रात्री अडीचला लाईट गेली.

एकतीस वर्षं नोकरी केलेला माणूस
आपल्याच खात्याला शिव्या देत होता,
हळू आवाजात. पोरगी उठू नये म्हणून.

मी काडी ओढली. पातेलं चढवलं.
रबरी पिशवी, टॉवेल, जुनं लुगडं.
"शेगडीच आणू का आत?"
"आत काही जाळायचं नाही," प्रणिता खाटेवरून.
स्वयंपाकघराला आमच्या दार नाही, नुसता पडदा.
तेवढ्यात हे उठले
आणि खिडकी चार बोटं उघडली.
म्हणलं, येड लागलंय का?
खोली तापवायची का गार करायची?

हे खिडकीपाशीच उभे राहिले.
"जिंतूर रोडला एका घरी लाईन बघायला गेलतो.
न्हाणीघर बंद. आत गॅसचा गीझर.
पोरगा बाविसेक वर्षांचा.
लाईन चांगली होती, गया.
लाईनला काही झालंच नव्हतं."

सत्तावीस वर्षांच्या संसारात
हे घर मला कधी दाखवलं नव्हतं ह्यांनी.

माझी भीती मात्र ह्यांच्या हाताला लटकलेली असते रोज.
उजवी दोन बोटं,
पेडगावच्या डीपीवर करंट खाल्ल्यापासून मुकी.
गरम काय, गार काय, ती सांगत नाहीत.
म्हणून पिशवी ह्यांनी गालाला लावली,
मग कोपराला, मग पुन्हा गालाला.
"जास्ती आहे," म्हणाले. "थोडं थांब."
थांबलो.
खिडकीतून गारठा सुरीसारखा आत येत होता
आणि पातेल्यातून वाफ.
दोघी वाटेत कुठंतरी भेटत असतील.

पिशवी गुंडाळून पायाशी ठेवली, पोरीपासून वीतभर लांब.
चार वाजून दहा मिनिटांनी लाईट आली,
हीटर आपणहून लाल झाला.
मी बटनाकडे धावले, हे शेगडीकडे,
आणि पडद्यापाशी एकमेकांना धडकलो.
प्रणिता हसली. पोरगी नाही उठली.

सकाळी सिलेंडर हलवला, हलका लागला.
कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी
ह्यांनी मीटरचा आकडा लिहिला,
खाली मी सिलेंडर लावल्याची तारीख.
नऊला आशाताई काटा घेऊन आल्या.
दोन्हींच्या मधे जरा जागा होती,
तिथं प्रणितानं पेन्सिलीनं लिहिलं:
दोन हजार तीनशे चाळीस.